एका दिवसाला एक

भिमाआबाने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी चोरी केली, तीही दिवसाढवळ्या, सगळ्या भावकीच्या देखत. निदान महिपतीने तरी तसा बोभाटा केला. खरं काय झालं ते आधी ऐका, मग म्हाताऱ्याला काय म्हणायचं ते ठरवा.

अंथुर्ण्याच्या धनगरांची मोठी कातरण, म्हणजे मेंढरांची लोकर उतरवणं, दसरा आणि दिवाळीच्या मधले काही दिवस चालायची. मेंढरं कोकणच्या वाटेला लागण्याआधी सात घरांचे कळप तात्याबाच्या पडीक रानात एकत्र येत. कातर चालवणारे गडी रांगेने बसत आणि समोर येईल ते मेंढरू कातरत. हे माझं, ते तुझं असला प्रकार त्या दिवसांत नसे. दिवस कलला की मेंढरं कानावरून वेगळी करायची. प्रत्येक घराने आपापल्या मेंढराच्या कानाला खूण केलेली असायची. महिपतीच्या घराची खूण म्हणजे डाव्या कानाला मधोमध एक चीर. भिमाआबाचं घर दोन पिढ्यांमागे त्याच घरातून वेगळं निघालेलं, म्हणून त्यांची खूण तीच चीर, आणि शिवाय कानाचा शेंडा उडवलेला. बाहेरच्या माणसाला यातलं काही दिसायचंही नाही. धनगर मात्र नुसता कान चाचपून मेंढरू कुणाचं ते सांगतो.

तर चोपन्न सालची कातरण. भिमाआबा एके काळी त्या रांगेतला सगळ्यात चलाख गडी. दिवसाला चाळीस मेंढरं तो सहज मोकळी करायचा, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये म्हणून वर्षभर सांगायचाही. पण गेली दोन वर्षं त्याचा उजवा हात थरथरत होता. ते त्याने बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं. हळू कातरलं असतं तर निभावलं असतं, पण शेजारच्याच्या मागे पडायचं म्हणजे जीव देण्यासारखंच. त्या घाईत महिपतीच्या एका तरण्या मेंढीच्या डाव्या कानाचा शेंडा कातरीत आला आणि उडाला. असं थोडंफार व्हायचंच. आबाने रक्तावर चिमूटभर राख दाबली आणि पुढची मेंढी ओढली.

संध्याकाळी निवड सुरू झाली. ती मेंढी आबाच्या पुढ्यात आली. त्याने कान चाचपला. चीर आहे, शेंडा उडालेला आहे, म्हणजे आपली. सवयीने गुडघा लावून त्याने तिला आपल्या मेंढरांत ढकलली. सकाळचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. इकडे महिपतीची एक मेंढी कमी भरली. त्याने शोधली, सापडली, कान बघितला, तर जखम ओली.

"माझी मेंढी कान कापून आपली केली!" महिपती ओरडला. "ह्यो म्हातारा चोर हाय!"

रानभर गलका झाला. शेवटी तात्याबा उठला. सात घरांत तोच वडीलधारा, पंच्याहत्तरी गाठलेला, दिवाळी असो की चैत्र, अंगावर घोंगडी घेऊन बसणारा. त्याचा शब्द शेवटचा.

"भिमा चोर न्हाय," तात्याबा म्हणाला. "भिमा म्हातारा झालाय. हात ऱ्हायला न्हाय त्याचा. म्हैपती, तुझी मेंढी घेऊन जा. आन् भिमा, आजपासनं कातर खाली ठिव."

कुणीतरी हसलं. तात्याबाने चोर म्हटलं असतं तर आबा भांडला असता, बेल-भंडारा उचलून शपथ घेतली असती. म्हातारा म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? त्याने कातर घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि कुणाकडे न बघता घरी आला. येऊन ती छपराच्या आढ्याला खोचून टाकली.

दिवाळी झाली, मेंढरं कोकणात गेली. आबाची वीसेक मेंढरं होती, ती तात्याबाच्या पोरांबरोबर गेली. गुडघ्यांनी दावा मांडल्यापासून चार वर्षं तो स्वतः घाट उतरला नव्हता. घरी मुलगा सिद्धू कालव्याच्या पाण्यावर वांगी, कोबी, टोमॅटो काढायचा आणि बैलगाडीने बारामतीच्या बाजाराला न्यायचा. शेतीतलं आबाला ओ की ठो कळत नसे. त्याला पाखरं हाकायला बसवलं, तर पाखरांकडे बघत बसला. पाणी धरायला लावलं, तर भरल्या वाफ्याचं दार मोडून पाणी पुढे सोडायचं विसरला आणि अख्खा वाफा पोहायला लागला. मग सिद्धू म्हणाला, "आबा, तुमी आपलं बसून ऱ्हावा." यापेक्षा शिवी बरी.

"अवो, काय बघताय आढ्याकडं?" त्याची बायको साखरबाई विचारायची.

"काय न्हाय," तो म्हणायचा. आढ्याला काय खोचलंय ते तिलाही ठाऊक होतं.

माघ सरता सरता घरची म्हैस चंद्री बेजार झाली. थंडीने केस दाट वाढलेले, त्यात उवा. दिवसभर बाभळीला अंग घासायची. "बाजारातनं आलो की भादरतो तिला," असं म्हणून सिद्धू वांगी घेऊन बारामतीला गेला. आबा थोडा वेळ तिचं घासणं बघत बसला. मग उठला, खाटेवर चढून आढ्याची कातर काढली आणि म्हशीपाशी गेला.

पहिल्या फटक्याला हात थरथरला. चंद्रीने शेपटीचा तडाखा दिला. आबाने इकडेतिकडे पाहिलं. शेजारी कुणी बसलेलं नव्हतं, पुढे मेंढरांची रीघ नव्हती, कुणाला मागे टाकायचं नव्हतं. त्याने कातर अगदी सावकाश मिटली. हात थरथरला नाही. पुन्हा सावकाश उघडली, मिटली. नाहीच थरथरला. मग त्याने मुद्दाम भराभरा चालवून पाहिली, तशी बोटं लगेच नाचायला लागली. सावकाश, गप्प. भराभरा, नाच. तीन-चारदा करून पाहिलं आणि म्हातारा एकटाच हसायला लागला. दोन वर्षं जे दुखणं पदराआड लपवलं, त्याला नुसती घाई सोसत नव्हती. एवढीच भानगड होती, आणि ती कळायला आधी माणसातून उठावं लागलं होतं!

दुपारपर्यंत म्हशीचं अर्धंच अंग झालं. दम खायला तो मागे सरकला आणि बघतच राहिला. कातरलेल्या जागी काळीभोर कातडी दिसत होती, न कातरलेले केस मातकट, आणि त्या काळ्यात मातकट केसांचा एक पुंजका राहिला होता. त्याला मान असती तर मेंढी म्हणून खपला असता. आबाने मान केली. मग पाय केले. मग वाटलं, एकटी मेंढी चांगली दिसत नाही.

साखरबाई भाकरी घेऊन आली. कमरेवर हात ठेवून तिने म्हशीचं अंग निरखलं.

"ही मेंढी हाय का पपई?"

"मेंढी हाय."

"मग पपईला पाय कशाला काढलं?" असं म्हणून ती हसत हसत खाली बसली. आबाही हसला. कातरणीच्या दिवसापासून त्या घरात एवढं हसणं झालं नव्हतं.

सिद्धू आला आणि भडकला. "आबा, आवो काय मांडलंय ह्ये? लोक शेण घालतील तोंडात!" त्याने वस्तरा काढला, तर साखरबाई म्हशीला पाठ लावून उभी राहिली. "हात लाव बघू," म्हणाली. सिद्धू आईच्या वाटेला गेला नाही. शहाणा पोरगा.

केस पुन्हा वाढत, महिना-दीड महिन्यात चित्र बुजून जाई, आणि आबा नवं काढायला बसे. ते पुसलं जातं याचं त्याला वाईट वाटत नसे. उलट मागच्या खेपेला जे चुकलं ते सुधारायला कोरी जागा मिळे. रोज थोडंथोडं करून तो चंद्रीच्या अंगावर कोकणच्या वाटेवरचा एकेक मुक्काम उतरवू लागला. नीरेचा उतार, भोरच्या बाजूचे डोंगर, कुत्रं, घोड्यावर बांधलेलं बिऱ्हाड, घोड्याच्या पाठीवर कोंबडी. पन्नास वर्षं जी वाट पायाखाली होती ती त्याच्या डोक्यात दगडागणिक शाबूत होती. पायांनी नाही म्हटलं म्हणून ती कुठे गेली नव्हती.

खरी मजा कालव्यावर यायची. चंद्री डुंबून वर आली की ओल्या अंगावर सगळंच काळं, काही दिसायचं नाही. मग उन्हात केस वाळू लागत आणि एकेक मेंढी, एकेक झाड वर येई. धुणं धुणाऱ्या बायका आधी पदर तोंडाला लावून हसल्या. आठवड्याने त्याच बायका धुणं पिळून झाल्यावरही काठावर थांबायला लागल्या. "थांब गं, आजून घोडं निघायचं हाय," असं म्हणत.

ही गोष्ट निमगाव केतकीच्या बाजारात पोचायला कितीसा वेळ? लोक म्हशी घेऊन येऊ लागले. बावड्याचा मोहनराव नावाचा पैलवान आपली म्हैस घेऊन आला आणि म्हणाला, "आबा, हिच्यावर वाघ काढा. जबरा वाघ."

"वाघ म्यां पाहिला न्हाय," आबा म्हणाला. "लांडगा पाहिलाय. लांडगा पायजे का?"

पैलवान हिरमुसला, पण लांडगा घेऊन गेला. तो लांडगा असा उतरला होता की गोठ्यातली दोन रेडकं दोन दिवस त्या म्हशीजवळ जाईनात, असं मोहनराव सगळीकडे सांगत सुटला. आबाला आता बसायला वेळ नव्हता. सिद्धूही बाजारात ऐटीत सांगायला लागला, "व्हय, माझंच वडील त्ये."

आता यावर माणसाने समाधान मानावं की नाही? पण आबाच्या मनात एक काटा होताच. बावड्याच्या पैलवानाने वाहवा केली म्हणून काय झालं? ज्यांच्या रांगेतून तो उठवला गेला, त्या सात घरांतलं कुणी अजून काही बोललं नव्हतं. ते सगळे कोकणात होते. त्यांच्या लेखी तो अजून हात राहिला नाही असा म्हातारा होता, आणि आबाला त्यांच्याच तोंडून वेगळं ऐकायचं होतं.

आषाढाच्या आधी मेंढरं परतली. एके दिवशी महिपती कालव्यावर मेंढरं पाजायला आला आणि चंद्री पाण्यातून वर येताना त्याने पाहिली. त्याची मेंढरं पाणी पिऊन निम्म्या रानात पसरली तरी म्हैस पुरती वाळेपर्यंत तो काठीवर हनुवटी टेकून उभा होता. हे साखरबाईने पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं. आबाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दसरा झाला. कातरणीला चार दिवस राहिले असताना महिपती दारात आला. त्याच्याकडे एक मेंढा होता, रुंद कपाळाचा, वळणदार शिंगांचा. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं ओवाळल्यावर सगळ्यात देखणा मेंढा कळपाच्या पुढे चालवायचा मान असे, आणि महिपतीचा तो मान दोन वर्षं हुकला होता.

"आबा," तो खाली बघत म्हणाला, "मेंढ्यावर कायतरी नक्षी काढून द्या. हितंच, घरामागं. कुनाला सांगायचं न्हाय."

"का रं? कुनाला सांगायचं न्हाय ते का?"

"तात्याबानं कातर ठिवायला लावलीया न्हवं."

आबाने चिलीम खाली ठेवली. "म्हैपती, चोर म्हनलास ते चव्हाट्यावर. आता नक्षी घरामागं व्हय? करीन. पर जितं कातर खाली ठिवली तितंच उचलीन. सगळ्यांम्होरं. आन् मागायचं तू."

महिपती आला तसा गेला. "दारी आलेला मानूस परत लावला," साखरबाई म्हणाली. आबाने चिलीम पुन्हा उचलली. खरं म्हणजे बोलून गेल्यावर त्यालाच धसका बसला होता. म्हशीपाशी एकट्याने कातर चालवणं वेगळं. त्या रांगेत, वीस कातरींच्या कचकचाटात, हाताला पुन्हा घाई आठवली तर? पुन्हा एक कान गेला तर मग तोंड दाखवायला जागा नव्हती. चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

कातरणीच्या पहिल्या दिवशी तो रानात गेला आणि रांगेपासून दूर, बायकांच्या भाकऱ्यांच्या पाट्यांशेजारी बसला. सकाळची उन्हं वर आली. महिपती आलाच नाही. आणि मग आला, मेंढ्याची शिंगं धरून, सगळ्या रानातून त्याला फरफटत, थेट आबाच्या पुढ्यात.

"भिमाआबा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "माझा मेंढा तुमी कातरा."

कातरी थांबल्या. सगळ्यांनी तात्याबाकडे पाहिलं. तात्याबा घोंगडी गुंडाळून बाभळीखाली बसला होता.

"आन् फिरून कान उडाला तर?" त्याने विचारलं.

"तर मेंढा त्यांचा," महिपती म्हणाला.

"मला नगं तुझा मेंढा," आबा उठत म्हणाला. "तू निस्ता गप धर त्याला."

तो रांगेच्या टोकाला बसला. कातरी पुन्हा सुरू झाल्या, कचकच, कचकच, आणि जे व्हायला नको तेच झालं. बोटं त्या तालाला लागली आणि थरथरायला लागली. एक जण दुसऱ्याला कोपराने ढोसताना त्याने पाहिला. आबाने कातर मांडीवर ठेवली, तसाच बसल्या जागी वळला आणि रांगेकडे पाठ केली. आता समोर फक्त मेंढ्याची कूस होती. वरची लोकर उन्हाने तांबूस पडलेली, आत कोळशासारखी काळी. तो तिच्याकडे बघत राहिला. किती वेळ? गड्यांची दोन-दोन मेंढरं होऊन गेली. मग त्याने कातर उचलली आणि अगदी सावकाश मिटली. हात दगडासारखा स्थिर होता.

दुपारी साखरबाईने भाकरी आणली, ती तशीच राहिली. रांगेने शेकड्याने मेंढरं मोकळी केली. आबाचं एकच चाललं होतं. महिपतीचे हात भरून आले, पण सोडायची त्याची छाती नव्हती. दिवस कलला, गड्यांनी कातरी पुसल्या आणि एकेक जण येऊन उभा राहिला. कुणी हसलं नाही. मेंढ्याच्या कुशीवर वरंधा घाट उतरत होता. वळणं, दरीच्या कडेचे खडक, सातही घरांची मेंढरं एकामागे एक आणि सगळ्यात पुढे घोडं. मधल्या एका वळणावर झाड होतं आणि झाडाखाली मुक्कामाला ठोकलेलं एक लहानसं पाल.

महिपतीची आई बनाबाई गर्दीतून पुढे आली. तिला कमी दिसायचं. तिने लोकरीवर बोट टेकवलं आणि वाटेने हळूहळू खाली आणलं. झाडापाशी बोट थांबलं.

"ह्ये ते उंबराचं झाड," ती म्हणाली. "आन् ह्ये पाल. बाई गं! हितं म्हैपती झाला. पाऊस लागला हुता आन् भिमाभावजींनी आपली घोंगडी पालावर टाकली हुती."

"झाला तवा लई रडत हुता," आबा म्हणाला. "आजून रडतोय."

सगळं रान हसलं. महिपतीही हसला, आणि हसता हसता त्याने मेंढ्याची शिंगं सोडून आबाचे पाय धरले. "चोर म्हनलो आबा," एवढंच त्याला बोलता आलं. आबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. जिंकला होता म्हातारा, आणि ते त्याला पुरतं कळत होतं.

तात्याबा उठून जवळ आला. मेंढ्याभोवती एकदा फिरला, दोन्ही कान हाताने चाचपून पाहिले.

"भिमा, तुझी जागा रांगंत हाय," तो म्हणाला. "उद्यापासनं बस."

"बसन," आबा म्हणाला. "पर एका दिवसाला एकच मेंढरू. दुसरं न्हाय. जमत आसंल तर बोला."

रांगेतला एक गडी दिवसाला एकच मेंढरू कातरणार, असं त्या रानात कुणी ऐकलं नव्हतं. तात्याबा काही बोलायच्या आत सहा घरांचे सहा जण बोलायला लागले, उद्याचं मेंढरू आमचं म्हणून. आवाज चढले. तात्याबाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"उद्या माझा मेंढा," तो म्हणाला.

मग त्याने आवाज खाली आणला आणि घोंगडीच्या आतला दुसरा हात बाहेर काढला. तो हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. किती वर्षांत कुणी तो हात पाहिला नव्हता. आता सगळ्यांना कळलं, म्हातारा भर उन्हाळ्यातसुद्धा घोंगडी का सोडत नाही ते.

"म्यां तुझ्या आधी कातर सोडली, भिमा. कुनी बोलायच्या आत, आपली आपुन सोडली," तात्याबा म्हणाला. "मला बी शिकीव."

आबाने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि धरूनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघे रांगेकडे पाठ करून एका मेंढ्याच्या दोन बाजूंना बसले. आबाच्या बाजूला नीरेचा उतार चालू होता. पलीकडे तात्याबाच्या कातरीचा आवाज येई, थांबे, बराच वेळ काही नाही, मग पुन्हा येई. आबा बघायला गेला नाही. दिवस मावळायला टेकला तेव्हा पलीकडून तात्याबा ओरडला, "झाली की रं!" इतक्या मोठ्याने ओरडला की मेंढा दचकून उभा राहिला. त्याच्या कुशीवर एक मेंढी होती, एकच, चारी पायांवर नीट उभी.